प्रभुभोजनाआधी मागितलेल्या माफ्या

अमरावती,
बुधवार, दुपार

परमप्रिय भावनाताई,

प्रभूमध्ये तुम्हा उभयतांस माझा सलाम. तुमचा डावा गुडघा आता जिना चढू देतो का? खुशालराव भाऊजींची शुगर उतरली, की अजून डब्यातल्या रेवड्या कमी होत राहतात? आम्ही सगळे प्रभूच्या कृपेने बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुमचे भाऊ बरे आहेत. मी नाही. ताप नाही, बीपी जागच्या जागी आहे. (डॉक्टरकडे गेले नाही. हे दुखणं त्यांना सापडणार नाही आणि तपासायचे पैसे ते तरीही घेतील.)

झालं असं, की चार महिन्यांखाली प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये आपल्या पाळकसाहेबांनी संदेश दिला. प्रभूच्या मेजाला येण्याआधी ज्याने त्याने स्वतःला तपासावं, कोणाचं मन दुखवलं असेल तर आधी त्याच्या घरी जावं, मग भाकरीला हात लावावा. हे मी संडे स्कूलपासून ऐकते आणि आजवर निर्धास्त भाकरी घेत आले. पण त्या दिवशी साहेब बोलता बोलता चष्मा पुसायला थांबले, आणि थांबले ते नेमके माझ्याकडे तोंड करून. (चष्म्याशिवाय त्यांना पहिला बाकसुद्धा दिसत नाही हे मला घरी आल्यावर आठवलं. तोवर व्हायचं ते झालं होतं.) भाकरीचं ताट आमच्या बाकापर्यंत यायच्या आत मी उठले आणि मागच्या खोलीत जाऊन उपासनेनंतरच्या चहाचा गंज गॅसवर चढवला. पुढचे महिनेही तेच. तिकडे ताट निघालं की इकडे मी निघते. मंडळीत आता बोलतात, की गीतांजलीबाईसारखा सेवाभाव पाहिला नाही, प्रभुभोजन सोडून लोकांच्या चहाचं पाहतात. स्त्री मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं आहे. पळून जाणाऱ्या बाईला अध्यक्ष करतात, हे मला मॅट्रिकपर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

येत्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे आणि या खेपेला मला ते घ्यायचं आहे, ताई. पोट भरलेलं असूनही उपाशी असल्यासारखं वाटतं. म्हणून मी माफ्या मागत निघाले.

पहिला धरला वलगावचा सहदेव, जो आमच्या गल्लीत भाजीची गाडी आणतो. त्याची पाठ फिरली की चार हिरव्या मिरच्या नि कोथिंबिरीच्या दोन काड्या पिशवीत टाकायच्या, हे माझं किती वर्षांचं चाललं होतं ते तुम्हाला सांगत नाही. रडत रडत सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मले मालूम होतं ना बाई. म्हून तं तुमचं माप मी पयलेच जरा कमी भरत होतो. बराबर होऊन जात होतं." म्हणजे गेले माफी मागायला आणि आले संताप घेऊन. आता त्याला क्षमा करायचं एक नवीन काम अंगावर पडलं. अजून जमलेलं नाही. दोडकी दुसरीकडून आणते.

मग पंचफुलाबाई. आमच्या गायनमंडळात नाताळच्या गीताचं मधलं कडवं त्या एकट्या म्हणायच्या. तीन वर्षांमागे मी गुडघे टेकून प्रार्थना केली होती, की प्रभू, यांचा आवाज एका आठवड्यापुरता बसव. (आठवडाच म्हटलं होतं, जास्त नाही.) त्यांचा गळा तेव्हापासून जो धरला तो धरलाच. मी जाऊन कबूल केलं. वाटलं, गळ्यात पडतील. त्या घोगऱ्या आवाजात ओरडल्या, "काहो, तरीच म्हणलं डॉक्टरले काहून सापडून नाही राह्यलं!" ही गोष्ट संध्याकाळपर्यंत मंडळीभर झाली. आता घरोघरच्या प्रार्थनेला मला कोणी बोलवत नाही. बोलावलं तर डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहतात. एक बाई मात्र मागच्या दाराने येऊन हळूच विचारून गेली, जावयाच्या आईचं काही जमेल का म्हणून.

शेवटी तुमच्या भावांना विचारलं, माझं काय काय चुकतं ते मोकळेपणी सांगा. म्हणाले, "काही आठवत नाही." मला केवढं बरं वाटलं! अर्ध्या तासाने त्यांनी कागद मागितला. दोन्ही बाजूंनी भरला आणि खाली लिहिलं, बाकी ठीक.

आत्मिक वाढ म्हणतात ती हीच असेल तर माझी उलट्या बाजूने चालली आहे. तपासायला बसलं की मिरच्या-कोथिंबिरीची पापं पळत पुढे येतात, आधी आम्हाला घ्या म्हणतात. त्यांच्याबद्दल रडायलाही बरं वाटतं. मागे जे बसलेलं असतं ते उठत नाही, नुसतं बघत राहतं.

असो. कागद संपत आला. भाऊजींना सलाम, आचलला गोड पापा.

तुमची भावजय,
गीतांजली

ता. क. पत्र दोनदा पाकिटात घातलं आणि दोनदा काढलं. वरचं सगळं खरं आहे, पण त्यासाठी पत्र लिहिलं नव्हतं. आई गेल्या त्या गुरुवारी मी तुम्हाला सांगितलं, अचानक झालं, वेळच मिळाला नाही. वेळ होता. डॉक्टर सकाळी अकराला सांगून गेले होते, की ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. तुमचे भाऊ चांदूर रेल्वेला कामावर होते, त्यांना लावला फोन. तुम्हाला लावला नाही. त्यांना सांगितलं, ताईंचा लागत नाही. आई साडेचारला गेल्या. अकोल्याहून तुम्ही दोनच्या आत पोचला असतात.

अकरा वर्षं आईंचं मी केलं. तुम्ही दोन दिवस यायचात, संत्री आणायचात, आणि पुढे आठ दिवस घरात तुमचंच नाव. मला वाटलं, एवढा एक दिवस तरी आईंनी माझ्याकडे पाहावं. त्या दाराकडेच पाहत होत्या.

ता. क. २. आणखी एक तुमचं माझ्याजवळ चौदा महिने राहिलं आहे. जाण्याआधी आई मला म्हणाल्या, "भावनाले उशीर झाला तं रागावजो नको वो. तिले यष्टी लागते. येईन हळूहळू."

माफ केलं, असं पत्राने लिहू नका. ते मी वाचून पाकिटात ठेवून देईन. आणि केलं नाही तर तेही तोंडावर सांगा. शनिवारी या. बसने नको, रेल्वेने या. बडनेऱ्याच्या स्टेशनवर मी सकाळपासून उभी राहीन.