गोण्यांची भिंत

३ मार्च
पोचलो एकदाचा जतला. विश्रामबागेतल्या फ्लॅटांची वायरिंग करून जीव विटला होता. हे घर लय न्यारं हाय. विटा न्हाईत, माती भरलेल्या गोण्या एकावर एक रचून वर लिंपण केलंय. मालक विश्वजीत नुकताच फौजेतनं परतलाय. माती आपल्याच बांधाची म्हणून छाती फुगवून सांगतो. त्याची बायको, संयोगितावहिनी, बोलतात कमी. चहा मात्र दूध घालून झकास.

५ मार्च
इथं छिन्नी चालत न्हाई. गोणी फाटली की पोत्यातल्या ज्वारीवाणी माती सांडत सुटायची. म्हणून दोन थरांच्या फटीतनं पाइप सारले. झोपायच्या खोलीत भिंतीला पांढरट ओल हाय. नळाला तर अजून पाणीच जोडलं न्हाई. वायरिंग माझी, नळकामबी माझंच, मग शिव्या घालू कुणाला?

६ मार्च
वायर ओढायला त्याच भिंतीच्या पाइपात तार घातली. मधीच अडली. मी ओढली, तर आतनं कुणीतरी हळूच ओढली. जोर न्हवता. माझी धाकटी पाळण्यात बोट धरायची तसं. भर दुपारी अंगावर काटा आला. विश्वजीत म्हणाला, उंदीर असंल.

७ मार्च
ओलीची गोणी उसवली. मातीत मिठाचे खडे. विश्वजीतचे वडील नानासोंनी एक खडा उचलून मुठीत धरला आन सगळं सांगितलं. तान्हं लेकरू गेलं की मीठ घालून पुरतात. वहिनींची पोरगी बारशाआधीच गेली. विश्वजीत तवा सीमेवर, आन पुरताना बाईमाणसाला संगं नेत न्हाईत. बांधातली जागा एकट्या नानासोंना ठाऊक. जेसीबीनं बांध उकरला तवा ते मिरजेला दवाखान्यात होते. मला रडू आवरलं न्हाई.

८ मार्च
विश्वजीत म्हणतो, भिंत पाडून माती जागेवर नेऊ. वहिनी भिंतीला बिलगून बसल्यात. म्हणतात, इतकी वर्सं उघड्यावर होती, आता घरात आलीय. पाइपाला तोंड लावून कुर्र केलं, नाव ठेवलं. आतनं हुंकार आला. आमी तिघांनी ऐकला —

दुपार
वहिनी म्हणाल्या, भुकेजलीय ती, तुमी जरा बाहेर जावा. आमी गेलो. बाई पाजायला बसली की बाप्यामाणसं उठून जातात तसंच. दाराला आतनं कडी —

चुटूचुटू आवाज येतोय. विश्वजीत हाका मारतोय, धडका देतोय, दार हलत न्हाई, वहिनी ओ देत न्हाईत —

ओल ह्या बाजूला उतरली. मघाशी दुधासारखी होती. आता तांबडी —

विश्वजीत कुदळ मागतोय. भिंत फोडली तर गोण्या वहिनींच्या अंगावर, न्हाई फोडली तर पोरगी त्यांचं रगत —