रानमांजराचं पिल्लू

हितेश,

चिरनेरच्या शेतातून भातकापणीला तू उचलून आणलेलं पिल्लू घरच्या मांजरीचं नाही, रानमांजराचं आहे. वनखात्यातल्या बाईंनी फोटो बघून सांगितलं. सापडलं त्याच बांधावर ठेवा, आई शोधत येते, म्हणाल्या. म्हणून घेऊन जातेय.

चार दिवस बाल्कनीच्या जाळीला नखं रुतवून बसलं होतं. तू म्हणालास, होईल सवय. लग्नानंतर माझ्याबद्दलही आईंना हेच सांगत होतास.

त्याच्या गळ्यातली घंटी टीव्हीजवळ आहे. वाकटीचं कालवण गरम करून घे.

तू मला आत ठेवून दार लॉक करून जातोस, त्याची दुसरी किल्ली तुझ्या जुन्या बुटात मिळाली. तीन वर्षांत मी ती एकदाही शोधली नव्हती. दारालाच लावून ठेवलीय. मला आता लागणार नाही.

पूर्वी