आप्पा, आपली मोगरी आली हो!

प्रिय आप्पा,

किनाऱ्यावरून आत्ताच घरी आले. पायाची वाळूसुद्धा धुतली नाही. आई म्हणतेय, आधी चहा घे. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय घोट घशाखाली उतरायचा नाही. तुम्ही गेल्यानंतरच्या किहीमच्या पहिल्या घोडागाडी शर्यती आज झाल्या!

सकाळी मी सुरूच्या झाडांखाली, बायकांत उभी होते. तुम्ही मला तिथून पुढे कधी येऊ दिलंत? कान टवकारले की घोडा कसा, घाम कुठे फुटला की कसा, हे घरी सगळं शिकवलंत. शर्यतीला मात्र "सुमन, लांबूनच बघ." का हो?

आज भोंग्यावर बोलणाऱ्या नारायणकाकांनीच हाक मारली. "आप्पा न्हाय, तर त्यांची सुमन सांगंल! ये गो पुढं. पहिली गाडी कुणाची येल?"

मी आधी मागेच सरले. पण घोड्यांजवळ गेले आणि सगळं आठवलं. म्हटलं, "चौलचा तांबडा." तो शांत उभा होता, बाकीचे आधीच फेसाळले होते. आणि तांबडाच आला, आप्पा! माणसं माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी तुमच्याकडे बघायची. एकानं हळूच विचारलं, "ताई, पैसे लावू का?" तुमच्यासारखंच त्याला हाकलून दिलं.

दुसऱ्या शर्यतीत तोंडावर आपटले. आवासचा उंच घोडा सांगितला, तर त्याच्या गाडीचं चाक भुसभुशीत वाळूत रुतलं आणि तो शेवटी आला. केवढे हसले सगळे! मीही हसले. तुमचंही चुकायचं की. त्या दिवशी तुम्हाला जेवण जायचं नाही, एवढाच फरक.

तिसरी शर्यत आपल्या घोडीची, मोगरीची. गाडीवर तुमचा लेक, आपला दिनेश.

तुम्हाला ठाऊक नाही ते सांगते. दिनेशनं मोगरी विकायचं ठरवलं होतं. पर्यटकांना फिरवून घर चालत नाही, टेम्पो घेतो म्हणाला. गिऱ्हाईकसुद्धा आज शर्यत बघायला आलं होतं. दोन दिवस मी त्याच्याशी भांडले. शेवटी तो म्हणाला, "आज जिंकली तर ठेवू. हरली तर मधे बोलू नकोस."

आणि नेमकं तेव्हा नारायणकाकांनी भोंगा माझ्या तोंडाशी धरला. "बोल गो, कुणाची येल?"

ओहोटी लागली होती, वाळू ओली होती. "मोगरी ओल्या वाळूत पाय आखडते," हे तुमचंच वाक्य ना? खोटं सांगायची तुमची शिकवण नाही. डोळे मिटले आणि म्हटलं, "थळचा काळ्या."

सगळ्या किनाऱ्यानं ऐकलं. दिनेशनंही. गाडीवरूनच ओरडला, "ताई, आपल्याच घोडीला हरवतेस व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निशाण पडलं. काळ्या सुटला तो वाऱ्यासारखा! लांबच्या झेंड्यापर्यंत तोच पुढे. पण तिथून वळताना त्याची गाडी बाहेर फेकली गेली, कोरड्या वाळूत. दिनेशनं मोगरीला आतून वळवलं, थेट पाण्याच्या कडेनं. लाटेचं पाणी उडत होतं आणि मोगरी पाय आखडत नव्हती, आप्पा! लांब टाकत होती! मी चपला तिथंच टाकल्या आणि पदर खोचून धावत सुटले. "मोगरेऽ, ये गो बायऽ!" शेवटच्या दोरीपाशी दोघं बरोबरीनं आले, आणि एका मानेनं आपली मोगरी पुढे!

दिनेश उतरला तो तिच्या गळ्यातच पडला. मी विचारलं, "अरे, ही ओल्या वाळूत पळायला कधी शिकली?"

तो मोगरीची मान पुसायला लागला. मग म्हणाला, "आप्पा गेल्यापासून रोज पहाटे पाण्यातून पळवतोय. विकायची तर चांगली पळती विकू, म्हणून सुरू केलं. मग सवय लागली... तिला न् मलाही."

गिऱ्हाईक जवळ आलं, तर त्यानं न विचारताच सांगून टाकलं, "घोडी द्यायची न्हाय."

आप्पा, एक गोष्ट मनात सलते, म्हणून बोलते. "दिनेशला घोड्यातलं काही कळत नाही," असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात. तो मान खाली घालून ऐकायचा. आज तुम्ही चुकलात, मीही चुकले, आणि आपण दोघं चुकलो याचा मला इतका आनंद झालाय की रडू आवरत नाही!

आता माझा शब्द घ्या. उद्या पहाटेपासून मी दिनेशबरोबर पाण्यात उतरणार, लगाम धरायला शिकणार. पुढच्या शर्यतीत मोगरीच्या गाडीवर मी बसणार. गावाला काय बोलायचं ते बोलू दे. तुम्ही रागावलात तरी ऐकणार नाही. जिथं असाल तिथून जोरात ओरडा मात्र!

तुमची,
सुमन