आटलेल्या विहिरीचं चढतं पाणी

जामखेड तालुका,
मे १९९६

तीर्थस्वरूप गहिनीनाथमामांना भाचा सूर्यभानचा दोन्ही हात जोडून नमस्कार. मामींचा गुडघा आता काय म्हणतो? कोल्हारला प्रवरेच्या काठी तुम्ही सगळे न्हाऊनधुऊन सुखात असाल (मी नाही), म्हणून मुद्दाम माझी कैफियत कळवतो.

पाण्याच्या संशोधनात भूगर्भवाल्यांनी आणि समाजशास्त्रवाल्यांनी हातात हात घालून काम करावं, असं पुण्याला आमच्या संस्थेत कुणाच्या तरी डोक्यात आलं. त्यापायी मी आणि सीमाबाई नावाच्या समाजशास्त्रज्ञ या वस्तीवर येऊन पडलो. हातात हात म्हणजे एवढंच, की जीप एक. मी सकाळ-संध्याकाळ विहिरीत फीत सोडून पाणी मोजायचो आणि दुपारी शाळेच्या ओसरीत आकडे मांडायचो (मध्येच डोळा लागायचा, ऊन काय थोडं असतं?). बाई भर दुपारी विहिरीवर बायकांशी गप्पा मारत बसायच्या. त्यांच्यात याला संशोधन म्हणतात.

मामा, आसपासच्या विहिरी ठणठणीत कोरड्या आणि या विहिरीचं पाणी मात्र रोज संध्याकाळी चढलेलं. मी खडकातल्या भेगांचा नकाशा काढला आणि जिवंत झरा सापडल्याचं तालुक्याच्या कचेरीत लेखी कळवलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि लगेच वस्तीचा टँकर बंद केला. दोन दिवसांत विहिरीचा तळ दिसला.

मग भागूबाई नावाच्या म्हातारीने मला गाठलं. "सायेब, हीर कवाच आटलीय. दुपारी ट्यांकर हितंच वतायचा, आमी हितनंच शेंदायचो." मग मला का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. "तुमी फीत सोडायचा अन् जायचा. आमाला इचारलं कुटं? त्या बाईंनी इचारलं, त्यास्नी सांगितलं."

जीपमध्ये रोज शेजारी बसणाऱ्या माणसाला हे सांगायला बाईंचं काय जात होतं? म्हणतात, सगळं माझ्या अहवालात आहे, दोन्ही अहवाल शेवटी पुण्यात जोडायचे ठरलंय. आणि म्हणे, 'मला गप्पांत रस नाही' असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणालो असेन, पण माणसाने एवढं मनाला लावून घ्यायचं? माझं डोकं अजून तापलेलं आहे.

आपला,
सूर्यभान

ता. क. टँकर पुन्हा सुरू करायला साहेबांना नवी पाहणी हवी आहे. तोवर बायका उन्हातान्हात पार पलीकडच्या गावाहून पाणी आणताहेत, मला बघवत नाही. तुमचा टेम्पो पिंपं भरून ताबडतोब पाठवा.

ता. क. २ पाणी सीमाबाईंनी मागवलंय, असंच ड्रायव्हरला सांगायला सांगा. माझं नाव घेतलं तर पाणी आलंय यावर इथे कुणाचा विश्वास बसणार नाही.