लातूरचा कॉम्प्युटर, नांदेडची खाट

१८ सप्टेंबर, बुधवार

लागला एकदाचा! इथे नांदेडला, माहेरच्या खाटेवर लॅपटॉप उघडला आणि लातूरच्या क्लासमधला माझा म्हातारा कॉम्प्युटर इंटरनेटवरून समोर हजर. बाण हलवला की तो मधे चहा पिऊन आल्यासारखा उशिरा हलतो. असू दे!

डॉक्टरांनी सातव्या महिन्यातच बजावलं – खाटेवरून उठायचं नाही, प्रवास तर नाहीच. म्हणजे नोकरी गेलीच असं धरून बसले होते. पण क्लासचे अंबरीश सर फोनवर म्हणाले, "मॅडम, सरावाचे पेपर वेळेवर निघत राहिले तर तुमची जागा तुमचीच." इतकी वर्षं मुलांच्या प्रश्नपत्रिका मीच टाइप केल्या, मीच छापल्या. ती खुर्ची मला सोडायची नाही. बाळ सांभाळून, पण सोडायची नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी सातला बसले तर कॉम्प्युटर गायब! मलप्पाकाकांना फोन. काका म्हणजे क्लासचे शिपाई, रोज कुलूप तेच लावतात.

"हाव ताई, मेनचं बटन पाडूनच येतो की मी."

"काका, मेन पाडलं की मला इकडून काही दिसत नाही हो!"

"भूकंपाच्या साली आमच्या टिनाच्या शेडला वायरीनं आग लागली हुती. रिकाम्या जागंत करंट ठिवायचा न्हाई. म्या न्हाई ठिवत."

सव्वीस वर्षं झाली त्या भूकंपाला! पण या विषयावर काकांशी कोण बोलणार. ते दहाला उघडणार, तेव्हा माझं काम सुरू.

२३ सप्टेंबर, सोमवार

आता प्रिंटर. मी इथे बटण दाबलं, तिथे काय झालं देव जाणे.

"काका, निघालं का?"

"निघालं न्हाई. फसलंय."

"डाव्या बाजूचं झाकण उघडा."

"माझं डावं का मशिनीचं?"

कपाळ बडवून घेतलं. तासाभराने कागद सुटला. पेपर वेळेवर गेला मात्र!

२६ सप्टेंबर, गुरुवार

सरांचा फोन. आपले सगळे जुने प्रश्न जुन्या फाँटमध्ये, माझ्या त्या एकट्या कॉम्प्युटरवरच उघडतात, दुसरीकडे अक्षरांच्या जागी नुसते किडे-मुंग्या. "पडल्या पडल्या वेळ असतोच ना मॅडम, सगळे नव्या फाँटमध्ये आणून ठेवा." म्हणजे सर मला पुढचं काम देताहेत! बरं वाटलं. लगेच भिडले.

आई म्हणाली, "पोटात लेकरू हाय का कॉम्प्युटर?"

३० सप्टेंबर, सोमवार

मेन. भर दुपारी! काका जेवायला गेले होते म्हणे!!

७ ऑक्टोबर, सोमवार

आज संताप संताप झाला. परवा बुधवारी सगळ्या बॅचची मोठी परीक्षा, उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणजे छपाई आजच. दहा वाजले, अकरा वाजले – पडदा काळाच. फोन केला.

"ताई, आज खंडेनवमी न्हाई का! कॉम्प्युटरची, प्रिंटरची पूजा घातली, झेंडूचा हार घातला, अन् पिन काढून ठिवली. आज मशिनीला इसावा. आजच्या दिवशी औताला कोन हात लावतं?"

हातापाया पडले. ओरडले. शेवटी म्हटलं, काका, माझी नोकरी जाईल! तर म्हणतात, "असं वंगाळ बोलू नका. तुमचं बाळंतपण सुखाचं व्हावं म्हणून तिच्यापुढं नारळ फोडलाय म्या."

फोन ठेवला आणि रागाने रडले. आईने येऊन लॅपटॉपच मिटून टाकला.

९ ऑक्टोबर, बुधवार

सरांनी पेपर बाहेरून छापून घेतला. "बाहेरची छपाई स्वच्छ येते हो," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. भीती वाटते.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

संपले! सगळे प्रश्न नव्या फाँटमध्ये. पाठीचा काटा ढिला झालाय, पाय सुजलेत. सर खूश – "वा मॅडम, कुणाला जमलं नसतं!" खंडेनवमीचं विसरले बहुतेक. आज पहिल्यांदा निवांत जेवले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

दोन दिवस काहीच दिसत नाही. सर फोन उचलत नाहीत. काका म्हणतात, "मेन चालूच हाय ताई," आणि घाईने फोन ठेवतात. वैताग नुसता!

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी दारात मलप्पाकाका! एसटीने, दोन पोत्यांत गुंडाळून कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन. "सरांनी तुमच्यासाठी धाडला." मी खाटेवरूनच टाळ्या वाजवल्या – आता घरीच काम! काकांनी स्वतः पिन लावली, चालू करून दाखवला, चहा घेतला. माझ्याकडे मात्र एकदाही बघितलं नाही.

चपला घातल्यावर, भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "हापिसात नवा कॉम्प्युटर आलाय ताई, समदे प्रश्न उघडत्यात त्यावर. तुमच्या खुर्चीत आरती म्हनून एक पोरगी बसतीय कालपासून. सर म्हनले, तूच सांग, मला जमायचं न्हाई."

गेले. आई आतून विचारतेय, प्रिंटर कुठे ठेवायचा.