टेबलावरची काच काढण्याबाबत

मी, खाली सही करणारा सुतार, वय एकोणऐंशी, डोके ठिकाणावर आणि हात अजून स्थिर असताना, कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दबाव आणायला घरात कोणी एकमेकांशी बोलायला तर हवे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना निम्मी-निम्मी. शिल्लक भांडण्याजोगी नाही.

२. वर्कशॉप व हत्यारे मुलीला. मुलाला रंधा धरता येत नाही, हे तो स्वतःच हसत सांगतो.

३. लहान करवत मात्र माझे मेहुणे, प्रार्थनागृहाचे पुरोहित, यांना. कारण ते जाणतात. तिथले टेबल मी केले. पाय शेवटी, जागेवर, फरशी बघून कापायचे असतात. मी करवत आणायला गेलो, तेवढ्यात यांनी विधी उरकून टेबल पवित्र करून टाकले. वर म्हणाले, "आता त्याला हत्यार लावता यायचं नाही, दाजी." तेव्हापासून ते टेबल पुठ्ठ्याच्या घडीवर उभे आहे आणि तरीही डुगडुगते. माझा राग कधीच गेला, हसू मात्र जात नाही.

४. स्वयंपाकघरातले टेबल. खरे कलम हेच. यावर बायकोने पीठ मळले, मुलांनी अभ्यास केला, भांडणे झाली आणि तिथेच मिटली, कारण जेवायला दुसरी जागा नव्हती. ती गेली तेव्हा तिला यावरच ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मुलाने वर काच बसवली, तिचा फोटो मांडला. "आईची जागा आहे, बाबा. इथं आता खरकटं नको." पुरोहित मामांनी मान डोलावली. मुलगी म्हणाली, "रिकामं टेबल आईला कधी बघवलं होतं का रे?" झाले, अबोला सुरू. आता मुलगा ताट घेऊन टीव्हीपुढे, मुलगी वर्कशॉपमध्ये आणि मी ओट्याशी उभा.

बाळा, तुझी माया मला कळते. मलाही तिची फार आठवण येते. पण त्या लाकडाला पावित्र्य आले ते तिच्या हातांनी आणि गरम भांड्यांच्या डागांनी. ते काचेखाली गुदमरते आहे.

५. म्हणून मलाही त्याच टेबलावर ठेवावे. मला नेल्यावर मुलीने काच उचलावी, मुलाने ओल्या फडक्याने टेबल पुसावे आणि त्याच संध्याकाळी दोघांनी तिथे समोरासमोर बसून जेवावे. मामांनाही बसवावे, न डुगडुगणारे टेबल कसे असते ते त्यांनी पाहावे. भांडे थेट लाकडावर ठेवावे. डाग पडला तर पडू द्यावा.

साक्षीदार: शेजारचा किल्लीवाला (सही).
साक्षीदार: कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (सही). डोके ठिकाणावर असल्याचे त्यांनी तपासून सांगितले.

लिहून ठेवणार: सुतार (सही).
तारीख: तीन मार्च, तिचा वाढदिवस.
स्थळ: स्वयंपाकघराचा ओटा, उभ्याने. टेबलावर काच आहे.