वाकळेचा घास

१२ नोव्हेंबर, सकाळी
नात प्रियदर्शनी पोटुशी आहे. साताऱ्यात असते आणि फोनवर बायकांचा क्लास घेते. शिवणाऱ्या, विणणाऱ्या, मातीची भांडी करणाऱ्या सगळ्या येतात. त्यांना शिवायला नाही शिकवत. शिवताना मन खुशीत कसं ठेवायचं, ते शिकवते. असलाही क्लास असतो. मला म्हणाली, आज्जी, रोज मनातलं फोनला सांगत जा. तो लिहून ठेवतो, कुणी वाचत नाही. मला तर वाचताच येत नाही, त्यामुळे माझ्यापासूनही धोका नाही.
संकल्प: बाळाची वाकळ. या घरातलं प्रत्येक पोर पहिल्यांदा माझ्याच वाकळेवर निजलं. हेही निजेल. बारसं जानेवारीत. पुष्कळ वेळ आहे. माझा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, सगळ्या गावाला ठाऊक आहे.
सून क्रांती रोज म्हणते, आत्ती, मिरजेला जाऊन डोळं दावून या. वाकळ झाली की जाऊ. डोळ्यांना काहीही झालेलं नाही.

१३ नोव्हेंबर
जुनी लुगडी काढली. थरावर थर घातले, कोपऱ्यांवर दगड ठेवले. लय झकास दिसत होतं. नात म्हणते, सुरुवात केली की स्वतःचं कौतुक करावं. दुपारभर केलं.

१७ नोव्हेंबर
सुईत दोरा जाईना. हल्ली सुयांना भोकंच नीट पाडत नाहीत. सगळीकडं असंच चाललंय. क्रांतीनं एका झटक्यात ओवून दिला. एखाद्याचं नशीब असतं.

२० नोव्हेंबर
शेजारची बनुबाई, माझी धाकटी जाऊ, तिनंही वाकळ घातलीय. कुणासाठी, सांगत नाही. मला कळत नाही होय?
कुंपणावरून विचारलं, आवं आक्का, कुठवर आली? मी म्हटलं, कड होत आली. वाकळ कडेनं सुरू होते आणि फिरत फिरत मधे येऊन संपते. ती म्हणाली, माझी मधे आली बगा. मी म्हटलं, बाई, घाईनं केलेलं काम कळतं गं. तर म्हणते, व्हय, न केलेलं बी कळतं.
नातीला फोन लावला. ती म्हणाली, तुलना करू नको आज्जी, तुलनेनं मन थकतं. खरंच थकलं होतं. झोपले. बनुबाईनं माझा एक दिवस खाल्ला.

२८ नोव्हेंबर, दुपारी
आज हात असा चालला की विचारू नका. कड अख्खी झाली. दारात पोस्टमन आला म्हणून उठले, तर वाकळही माझ्याबरोबर उठली. दगड घरंगळले. माझं नेसतं लुगडंच मी तिला शिवलं होतं.
क्रांती म्हणाली, आत्ती, आता तरी मिरज? मी म्हटलं, गप गं. कामाशी एकरूप व्हावं, असं तुझीच लेक शिकवते. आपण एकरूप झालो.
उसवायला संध्याकाळ झाली. बनुबाई कुंपणाशी उभी राहून बघत होती. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

५ डिसेंबर
नात म्हणते, कधी कधी काम करणाऱ्याला अडकल्यासारखं होतं, त्याला ब्लॉक म्हणायचं. त्यावर जबरदस्ती करू नये. मला ब्लॉक आलाय. जबरदस्ती केली नाही.

९ डिसेंबर
ब्लॉक आहेच. भूक चांगली आहे.

१४ डिसेंबर
नातीचा नवा धडा: काम पुरं झालंय असं मनात धरून चालावं, मग ते पुरं होतं. हे मला आवडलं. इतके दिवस का नाही सांगितलं कोण जाणे.
आमच्याकडं वाकळ शेवटाला आली, मधे तळहाताएवढी जागा उरली, की आत भाकरीचा तुकडा आणि गूळ घालायचा. वाकळेचा घास. उपाशी वाकळ ऊब देत नाही. आणि घास घातला की ती जागा शिवल्याशिवाय उठायचं नाही.
माझी कडच झालेली. पण मनात तर पुरी झाली होती. मग घास आत्ताच घातला. गूळ मोठा घातला, पहिलं बाळ आहे. मग चहा प्यायला उठले.

१५ डिसेंबर
बनुबाईला कानावर घातलं, माझ्या वाकळेनं घास खाल्ला. तिचं तोंड बघण्यासारखं झालं. म्हणाली, एवड्यात? मी म्हटलं, ज्याचं त्याचं कसब असतं.

१९ डिसेंबर
मुंग्या. गुळाला येणारच. शुभ असतं.

२७ डिसेंबर
उंदीर. वाकळेच्या मधोमध भोक, माझी मूठ जाईल एवढं. सगळे थर कुरतडले. आईचं लुगडं होतं वरचं, जांभळं. घास घेऊन गेला.
क्रांतीला सांगितलं, हल्ली अशीच फॅशन आहे.  मी वाकळेची घडी घालून कपाटामागं ठेवली. आज नातीचा धडा ऐकला नाही.

३ जानेवारी
प्रियदर्शनी परवा बाळंत झाली. मुलगी. आमच्याच घरी आणली. नाक माझं आहे.
तिनं आल्या आल्या विचारलं, आज्जी, वाकळ? म्हटलं, थोडा हात फिरवायचाय. तिला सांगायला हवं होतं. पण बाळंतिणीच्या मनावर ताण येऊ नये, हे तिच्याच क्लासमध्ये आहे.

५ जानेवारी
कपाटामागं वाकळ नाही. क्रांती म्हणाली, उन्हात टाकलीया. अजून आत आणलेली नाही. थंडीतलं ऊन, वेळ लागणारच.

१४ जानेवारी, रात्री
आज बारसं. सकाळी बनुबाई बगलेत वाकळ घेऊन आली. वाटलं, तिची. आली ती माझ्यापुढंच बसली आणि पसरली. जांभळं लुगडं. माझीच.
बोटं फिरवली. कडेचा टाका माझा. त्यातून बोट आरपार जातं, हे मला इतक्या दिवसांत कळलं नव्हतं. आतला सगळा ज्वारीच्या दाण्याएवढा. मधे उंदराच्या भोकावर ठिगळ, तिच्या हिरव्या लुगड्याचं, तीन बाजूंनी शिवलेलं. चौथी बाजू उघडी.
मी म्हटलं, तुझी कुठाय? म्हणाली, घरात पडलीया. पोर तुमच्याच वाकळंवर निजायचं, आपल्यात तसंच हाय. आन घास तुमीच घाला. पर ह्या बारीला शिवूनच उठा, आक्का.
सुई तिनं ओवून दिली. बायका जमत होत्या, पाळणा टांगला होता. भाकरी घातली, गूळ बेताचा घातला, मान खाली घालून शिवलं आणि गाठ मारली. म्हटलं, झाली गं! माझ्या हातानं झाली.
पाळणा म्हणायला बायकांनी बनुबाईला हाक मारली. ती उठली. वाकळही उठली.
तिचा पदर शिवला होता मी. ठिगळासकट.
  एकरूप वगैरे सुचलंच नाही. दोरा तोडायला गेले, तर दोरा कुठाय तेच दिसेना.
बनुबाई परत माझ्याशेजारी बसली. म्हणाली, ऱ्हाऊ द्या. सोमवारपतूर असंच ऱ्हाऊ द्या, म्हंजे मिरजेला जाताना पळणार न्हाईसा.
मग तिनंच दातानं दोरा तोडला. पोर वाकळेवर ठेवलं. लगेच निजलं.
सोमवारी मिरज.